निलगिरीचा वंशवृक्ष डीएनएवरून कसा काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस. शालेय पुस्तकांत हे शब्द कधी उलटसुलट येतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

निलगिरी म्हणजे नेमकं कोणतं झाड?

एक झाड नाही. इंग्रजांनी १८४०च्या दशकात निलगिरी डोंगरांत ऑस्ट्रेलियातला ब्लू गम, म्हणजे युकॅलिप्टस ग्लोब्युलस, आणून लावला आणि डोंगराचं नाव मराठीत झाडाला चिकटलं. सर्दीसाठी वाफेत घालायचं तेल मुळात याच झाडाचं. पण महाराष्ट्रात रस्त्याकडेला आणि शेताच्या बांधावर दिसणारी निलगिरी बहुधा ग्लोब्युलस नसते. त्याला थंड डोंगराळ हवा लागते. आपल्याकडची झाडं मुख्यतः टेरेटिकॉर्निस आणि कमाल्डुलेन्सिस या जातींची किंवा त्यांच्या संकराची असतात. पान चुरगाळल्यावर लिंबाचा, सिट्रोनेलासारखा वास आला तर ती सिट्रिओडोरा. ती तर आज युकॅलिप्टस या प्रजातीतही धरत नाहीत.

अभ्यासक ‘युकॅलिप्ट’ म्हणतात तेव्हा त्यांना मिर्टेसी कुळातला, म्हणजे जांभूळ-पेरूच्या कुळातला, एक अख्खा गट अभिप्रेत असतो. त्यात ८००हून जास्त जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या ऑस्ट्रेलियातल्या. मोजक्याच बाहेर सापडतात. डेग्लुप्टा फिलिपिन्सच्या मिंदानाओपासून न्यू ब्रिटनपर्यंत आहे, युरोफिला तिमोर आणि आसपासच्या बेटांवर.

जाती पानाफुलांवरून ओळखता येतात, मग डीएनए कशाला?

ओळखणं आणि नातं लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कळीचं टोपण. युकॅलिप्टसची कळी हातात घेऊन नखानं वरचा भाग उचकटला तर एक टोपीसारखं झाकण अख्खं निघतं आणि आत दाबून बसलेले पुंकेसर उलगडतात. पाकळ्या दिसतच नाहीत, कारण त्या जुळून टोपण झालेल्या असतात. लेरित्ये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १७८८ मध्ये प्रजातीला नाव दिलं ते यावरूनच: ग्रीकमध्ये ‘नीट झाकलेलं’. त्याच्यासमोरचा नमुना ऑब्लिक्वा या जातीचा होता. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ साली, टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावर तो गोळा केलेला होता.

पुढे बरीच वर्षं टोपण असेल ते युकॅलिप्टस आणि सुट्या पाकळ्या असतील ती अँगोफोरा, असा सोपा हिशेब होता. मग लक्षात आलं की टोपण असलेले ब्लडवूड नावाचे युकॅलिप्ट बाकीच्या युकॅलिप्टसपेक्षा बिनटोपणाच्या अँगोफोराला जवळचे आहेत. १९९५ मध्ये हिल आणि जॉन्सन यांनी त्यांची कोरिम्बिया ही वेगळी प्रजाती केली. ब्रूकर यांनी २००० मध्ये उलट भूमिका घेतली आणि सगळ्यांना एकाच युकॅलिप्टसमध्ये बसवलं. पानं, कळ्या, फळं दोन्ही बाजूंनी तीच पाहिली होती. टोपण एकदाच तयार झालं की अनेकदा, हे टोपणाकडे पाहून ठरत नाही. त्यासाठी टोपणाशी संबंध नसलेला स्वतंत्र पुरावा लागतो. तो डीएनए देतो.

मग निकाल काय लागला?

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २६६ जातींचे ३९२ नमुने घेऊन केंद्रकातल्या १०१ एक्सॉनांची (जनुकांतल्या प्रथिनाचा नमुना असलेल्या तुकड्यांची) तुलना केली. अँगोफोरा ही कोरिम्बियाच्या आत बसते असं त्यात ठामपणे दिसलं. म्हणजे तेव्हाची कोरिम्बिया हा एका पूर्वजाचा पूर्ण वंश नव्हता. अँगोफोराच्या सुट्या पाकळ्या हे मूळ रूप टिकून राहिलेलं नसून, टोपण आल्यानंतर ते पुन्हा उलगडलं असावं, असा त्यातून अर्थ निघतो. म्हणून कोरिम्बियाचा एक भाग वेगळा काढून त्याला ब्लॅकेला ही प्रजाती केली आणि कोरिम्बिया हे नाव लाल ब्लडवूडांपुरतं उरलं. आपली लिंबाच्या वासाची सिट्रिओडोरा या ब्लॅकेलात जाते. रोपवाटिका आणि वनखात्याच्या याद्यांत युकॅलिप्टस, कोरिम्बिया, ब्लॅकेला ही तिन्ही नावं दिसतील. झाड तेच आहे.

एकच जनुक वाचून चालणार नाही का? बारकोडिंग म्हणतात ते?

युकॅलिप्टमध्ये नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

वनस्पतींच्या बारकोडिंगसाठी आरबीसीएल आणि मॅटके हे हरितलवकातल्या डीएनएचे दोन तुकडे वापरतात. युकॅलिप्टच्या जवळच्या जातींत ते जवळपास सारखेच असतात, त्यामुळे वेगळेपणा दिसतच नाही. पण मोठी अडचण याहून खोल आहे. समजा जास्त बदलणारा तुकडा घेतला, अगदी अख्खा हरितलवक जीनोम, म्हणजे त्यातला सगळा डीएनए, वाचला, तरीही जातीचं नातं कळेलच असं नाही. युकॅलिप्टमध्ये हरितलवक फक्त आईकडून येतो, म्हणजे बियांबरोबरच पसरतो. बिया झाडाखाली, फार तर थोड्या अंतरावर पडतात. परागकण मात्र कीटक आणि पक्षी दूरवर नेतात. आता एका जातीचं झाड दुसऱ्या जातीच्या परागानं फळलं, आणि त्याची संतती पिढ्यान्‌पिढ्या त्या दुसऱ्याच जातीच्या परागानं फळत राहिली, तर काय होतं? केंद्रकातला जवळजवळ सगळा डीएनए दुसऱ्या जातीचा होतो, पण हरितलवक पहिल्या जातीचाच राहतो. झाड दिसायला आणि वागायला दुसऱ्या जातीचं, हरितलवक मात्र शेजारणीचा.

हे टास्मानियात स्पष्ट दिसलं आहे. आग्नेय टास्मानियातल्या ग्लोब्युलसच्या झाडांत कॉर्डाटा या दुर्मिळ जातीशी जुळणारे हरितलवक सापडतात. एकाच परिसरातल्या वेगवेगळ्या जाती एकच हरितलवक वाटून घेतात, आणि त्याच जातीच्या दूरच्या झाडांत तो वेगळा असतो. थोडक्यात, युकॅलिप्टचा हरितलवक झाड कुठे उभं आहे ते सांगतो, झाड कोण आहे ते नेहमी सांगत नाही. प्रत्येक जातीचं एकच झाड घेऊन हरितलवकाचा वंशवृक्ष काढला तर तो नीटनेटका दिसेल, आधारही चांगला मिळेल, आणि तरी चुकीचा असू शकेल.

म्हणजे हरितलवकाचा डीएनए निरुपयोगी?

अजिबात नाही. शेवटच्या हिमयुगात झाडं कुठे तग धरून होती, तिथून कशी पसरली, कोणाचा कोणाशी संकर झाला, हे त्यावरून फार छान कळतं. ग्लोब्युलसचा हरितलवक जीनोम २००५ मध्ये पूर्ण वाचला गेला. तो १,६०,२८६ बेसचा, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांचा, आहे. पुढे २०१३ मध्ये ३९ जातींच्या हरितलवक जीनोमांची तुलना झाली. अँगोफोरा कोरिम्बियात अडकलेली आहे ही शंका तेव्हाच वर आली होती. प्रजातींसारख्या जुन्या फाट्यांवर हरितलवक बराच विश्वासू आहे. दगा देतो तो जवळच्या जातींत.

आयटीएस वापरायला काय हरकत आहे? तो तर केंद्रकातला आहे.

हा तुकडा केंद्रकातल्या रायबोसोमल डीएनएचा, आणि त्याच्या शेकडो प्रती असतात. सगळ्या प्रती एकसारख्या राहतात असं गृहीत धरलेलं असतं. युकॅलिप्टमध्ये त्यांतल्या काही मेलेल्या असतात, म्हणजे काम थांबलेल्या आणि मनमानी बदलत गेलेल्या. पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीनं, नेमकी अशी प्रत उचलली तर झाड वंशवृक्षात भलत्याच जागी जाऊन बसतं. ओळखायची खूण अशी: आयटीएसच्या दोन भागांमध्ये ५.८एस हा तुकडा असतो, तो जवळजवळ न बदलणारा. त्यातच बदल दिसले किंवा क्रम वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात जागोजागी दुहेरी शिखरं आली तर तो क्रम वापरू नका. पीसीआरमध्ये ५ टक्के डीएमएसओ घातल्यानं फायदा होतो, कारण जिवंत प्रतींमध्ये जी आणि सी हे घट्ट जुळणारे बेस जास्त असल्यानं त्या नीट उलगडत नाहीत आणि मेलेल्या प्रती पुढे निघून जातात.

झाडावरून काय काय घ्यायचं?

डीएनएसाठी कोवळी पण पूर्ण आकाराला येत असलेली पानं. अगदी लालसर फूट टाळा, त्यात रंगद्रव्यं फार. जुन्या चामड्यासारख्या पानांत पेशी कमी, मेण आणि तेल जास्त. झाड उंच असेल तर लांब काठीची कात्री किंवा दोरी लावलेली साखळी-करवत लागते. खाली पडलेली पानं उचलू नका. ती शेजारच्या झाडाची असू शकतात, शिवाय त्यांवर बुरशी असते.

पान ओल्या कापडानं पुसा, मधली शीर सोडून साधारण एक सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा, कागदी चहाच्या पिशवीत घाला आणि पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका जेलमध्ये पुरा. पिशवीवर पेन्सिलीनंच क्रमांक लिहा. युकॅलिप्टची पानं मेणचट असतात, अख्खी ठेवली तर बाहेरून वाळतात आणि आत दोन दिवस दमट राहतात. तेवढ्यात डीएनए तुटतो. चोवीस तासांत पट्टी वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. वाकली तर सिलिका बदला. नारिंगी मणी हिरवे झाले की त्यांचं काम संपलं. निळे मणी घेऊ नका, त्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं.

आणि हर्बेरियम नमुना, म्हणजे संग्रहात ठेवायची दाबून वाळवलेली फांदी. तो नसेल तर डीएनएला काही अर्थ नाही, कारण उद्या जाती ओळखण्यात चूक झाली असं वाटलं तर परत पाहायला काहीच उरत नाही. फांदीवर प्रौढ पानं, कळ्या (टोपण गळायच्या आधीच्या) आणि फळं हवीत. बालपणीची पानं बुंध्याच्या फुटव्यांवर मिळतात. ती प्रौढ पानांहून पार वेगळी दिसतात. ग्लोब्युलसचीच पाहा, प्रौढ पान कोयत्यासारखं लांब हिरवं आणि बालपर्ण रुंद, देठाशिवायचं, निळसर. साल नमुन्यात येत नाही म्हणून बुंध्याचा आणि वरच्या फांद्यांचा फोटो घ्या. जीपीएस नोंद आणि आसपासच्या इतर युकॅलिप्टची यादी लिहा. ती यादी बहुतेक जण विसरतात, आणि नंतर संकराची शंका आली की नेमकी तीच लागते.

एका जातीची किती झाडं घ्यावीत?

कमीत कमी दोन, तीही एकमेकांपासून दूरच्या ठिकाणांहून. मोठा पसारा असलेल्या जातीची चार-पाच. पैसे मर्यादित असतील तर जाती कमी करा, झाडं कमी करू नका. एकच झाड घेतलं तर ते जातीसारखं वागतंय की शेजाऱ्यासारखं, हे तपासायला काहीच हाती नसतं. दोन्ही झाडं वंशवृक्षात शेजारी बसली तर बरं. नाही बसली तर एक तर ओळख चुकली आहे, नाही तर संकर आहे, नाही तर प्रयोगशाळेत नळ्यांची अदलाबदल झाली आहे.

बागेतली झाडं चालतील का?

कोणती बाग, यावर अवलंबून. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या करन्सी क्रीक अर्बोरेटममध्ये जवळपास सगळ्या जाती एका ठिकाणी आहेत, आणि प्रत्येक झाड रानातल्या नोंद केलेल्या मातृवृक्षाच्या बियांपासून वाढवलेलं आहे. असं मूळ माहीत असेल तर झाड अभ्यासाला उत्तम. तरी एक गोष्ट लक्षात असू द्या: बी रानात उघड्यावर फळलेलं असतं, म्हणजे आई माहीत असते, बाप माहीत नसतो.

आमच्या बांधावरच्या निलगिरीची जाती डीएनएवरून सांगता येईल?

गट सांगता येईल. ग्लोब्युलस, लाल गमांपैकी टेरेटिकॉर्निस-कमाल्डुलेन्सिस, की ग्रँडिस-युरोफिला, हे केंद्रकातल्या अनेक जनुकांवरून वेगळं निघतं. पण भारतातली लागवड बहुतांशी म्हैसूर गमसारख्या मिश्र मुळाच्या बियांतून किंवा निवडलेल्या क्लोनमधून आलेली आहे. म्हैसूर गम मुख्यतः टेरेटिकॉर्निस असला तरी त्यात इतर जातींचा अंश आहे. अशा झाडाला एकच नाव द्यायचा आग्रह धरला तर उत्तर मिळेल, पण ते खरं नसेल. ‘टेरेटिकॉर्निस मुख्य, कमाल्डुलेन्सिसचा काही अंश’ अशा स्वरूपाचं उत्तर प्रामाणिक. लागवडीतली झाडं मूळ वंशवृक्षाच्या अभ्यासात मिसळू नयेत हेही त्यातूनच येतं.

निलगिरीच्या पानातून डीएनए काढणं इतकं अवघड का म्हणतात?

कारण पानात तेल आहे, फेनॉल आहेत, टॅनिन आहेत आणि चिकट शर्करा आहेत. पेशी फुटली की फेनॉल हवेशी संयोग पावून तपकिरी होतात आणि डीएनएला कायमचे चिकटतात. शर्करा डीएनएबरोबरच खाली बसतात आणि नळीच्या तळाशी डिंकासारखा गोळा होतो. पिपेटनं तो ओढला की तार निघते.

१९८७ च्या डॉइल आणि डॉइल यांच्या सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं द्रव्य) पद्धतीत आधी सॉर्बिटॉलची धुणी घातली की बहुतेक जातींत काम होतं. ती अशी:

२० मिलिग्रॅम वाळलेलं पान २ मिलिलिटरच्या नळीत ३ मिलिमीटरच्या दोन पोलादी गोळ्यांबरोबर घेऊन यंत्रात पीठ होईपर्यंत दळा. भरड राहिली तर डीएनए निम्म्याहून कमी मिळतो. जास्त पान घालायचा मोह आवरा. ५० मिलिग्रॅम घातलं की डीएनए वाढत नाही, डिंक वाढतो.

मग १ मिलिलिटर सॉर्बिटॉल द्रावण: ०.३५ मोलर सॉर्बिटॉल, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), ५ मिलिमोलर ईडीटीए, १ टक्का पीव्हीपी, आणि वापरायच्या वेळीच घातलेलं १ टक्का मर्कॅप्टोइथेनॉल. हलवा, सेंट्रीफ्यूजमध्ये ५,००० जीवर (गुरुत्वाच्या ५,००० पट बळावर) ५ मिनिटं फिरवा, वरचं पाणी ओता. पेशीकेंद्रकं खाली राहतात, शर्करा आणि फेनॉल पाण्याबरोबर जातात. वरचं पाणी बोटांत धरल्यावर बुळबुळीत लागणार नाही इतक्या वेळा हे करा. हातमोजे घालूनच. दोनदा बहुधा पुरतं, काही जातींना चार वेळा लागतं.

आता ६५ अंशांवर तापवलेलं ७०० मायक्रोलिटर सीटॅब द्रावण (२ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस, २ टक्के पीव्हीपी, थोडं मर्कॅप्टोइथेनॉल). ४५ ते ६० मिनिटं ६५ अंशांवर, दर दहा मिनिटांनी नळी हळूच उलटी-सुलटी. नंतर तेवढंच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ प्रमाणात, दहा मिनिटं हळू हलवून, १२,००० जीवर १० मिनिटं. तीन थर दिसतात: वर पाणी, मध्ये पांढरा-हिरवा पापुद्रा, खाली क्लोरोफॉर्म. वरचं ४५० मायक्रोलिटर घ्या आणि थांबा. शेवटचे ५० मायक्रोलिटर मिळवायला जाल तर पापुद्रा ओढला जाईल. हा टप्पा पुन्हा एकदा करा. हे सगळं धूर ओढणाऱ्या कपाटात. आणि सेंट्रीफ्यूज थंड करू नका, साधारण १५ अंशांखाली सीटॅब स्वतःच गोठून खाली बसतं.

शेवटी ०.६ पट आयसोप्रोपॅनॉल, अर्धा तास उणे २० अंशांत, फिरवणं, ७० टक्के अल्कोहोलनं दोन धुणी, सुकवणं, ५० मायक्रोलिटर १० मिलिमोलर ट्रिसमध्ये विरघळवणं आणि आरएनएज (आरएनए तोडणारं विकर) देऊन ३७ अंशांवर अर्धा तास. आयसोप्रोपॅनॉलमध्ये रात्रभर ठेवलं तर जास्त डीएनए मिळेल ही समजूत युकॅलिप्टसाठी चुकीची आहे. मिळतात त्या शर्करा.

डीएनए तपकिरी आला. टाकून द्यायचा का?

पिवळसर असेल तर नाही. चुंबकी मणी वापरून किंवा छोट्या सिलिका चाळणीतून साफ होतो. गडद तपकिरी असेल तर नवीन पान घ्या, त्यातला डीएनए फेनॉलनं जखडलेला असतो.

मोजणीबद्दल एक इशारा. प्रकाश शोषणावर चालणारं यंत्र फेनॉललाही डीएनए समजतं आणि खऱ्याच्या कितीतरी पट आकडा दाखवतं. डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगावर चालणारं यंत्र वापरा. पहिलं यंत्र फक्त शुद्धता पाहायला ठेवा: २६०/२८० गुणोत्तर १.८च्या आसपास आणि २६०/२३० हे २च्या जवळ. दुसरं गुणोत्तर १च्या खाली गेलं की शर्करा किंवा फेनॉल राहिले आहेत. पीसीआर होत नसेल तर आधी डीएनए दहापट आणि पन्नासपट पातळ करून पाहा. डीएनए कमी पडल्यानं पीसीआर अडतो असं नाही, अडथळा आणणारी द्रव्यं जास्त असल्यानं अडतो. पातळ केल्यावर चाललं की कारण सापडलं.

जुन्या हर्बेरियम नमुन्यातून जमतं का?

जमतं, तुकडे लहान निघतात इतकंच. बहुधा १०० ते ३०० बेसचे. म्हणून लांब पीसीआर सोडा, आमिष लावून जनुकं पकडायची पद्धत वापरा. डीएनए पुन्हा तोडायच्या भानगडीत पडू नका. पान कापण्याआधी हर्बेरियमची लेखी परवानगी घ्या आणि जातीचं नाव ज्यावरून ठरलं तो मूळ नमुना असेल तर शक्यतो हात लावू नका.

आमिष लावणं म्हणजे काय?

निवडलेल्या जनुकांशी जुळणारे आरएनएचे छोटे तुकडे तयार करतात, त्यांना बायोटिन लावतात. नमुन्याचा डीएनए साधारण ३५० बेसचे तुकडे करून त्यात ६५ अंशांवर रात्रभर ठेवला की जुळणारे तुकडे आमिषाला चिकटतात. मग चुंबकी मण्यांनी आमिष ओढून घ्यायचं, बाकीचं धुऊन टाकायचं आणि पकडलेलं वाचायचं. साऱ्या सपुष्प वनस्पतींसाठी ३५३ जनुकांचा एक सर्वसाधारण संच २०१९ पासून उपलब्ध आहे. युकॅलिप्टसाठी खास ५६८ जनुकांचा संचही तयार झाला आणि २०२३ मध्ये युडेस्मिया या उपप्रजातीवर (युकॅलिप्टस प्रजातीतला एक मोठा गट) वापरला गेला. जवळच्या जाती वेगळ्या करायच्या असतील तर खास संच घ्या, फक्त प्रजातींचा प्रश्न असेल तर ३५३ पुरतात.

पैसे कमी असतील तर वरवरचं वाचन करा, म्हणजे आमिष न लावता थोडंसं सगळंच वाचायचं. हिशेब सोपा आहे. १ गिगाबेस वाचलं आणि त्यात ५ टक्के हरितलवक निघाला तर ५० मेगाबेस झाले. १६० किलोबेसच्या जीनोमला ते ३०० पट वाचन होतं. हरितलवक आणि रायबोसोमल डीएनए पूर्ण मिळतो. केंद्रकातली एकएकटी जनुकं मात्र मिळत नाहीत, कारण युकॅलिप्टसचा केंद्रक जीनोम ५०० ते ६५० मेगाबेसचा आहे.

जनुकांच्या जोडप्रतींचा त्रास म्हणजे काय?

ग्रँडिसचा जीनोम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला: ११ गुणसूत्रं, सुमारे ६४० मेगाबेस, ३६,३७६ जनुकं. त्यातली सुमारे एकतृतीयांश जनुकं शेजारी-शेजारी प्रती होऊन वाढलेली आहेत. आता एका झाडात तुम्ही पहिली प्रत वाचली आणि दुसऱ्या झाडात दुसरी, तर तुलना भावंडांची न होता काका-पुतण्यांची होते आणि वंशवृक्षात खोटा, फार जुना फाटा दिसतो. वाचनांतून जनुकं जुळवणारा हायबपायपर हा संगणक-प्रोग्राम अशा जनुकांवर इशारा देतो. तो इशारा आलेली जनुकं बाजूला काढा. पन्नास जनुकं गेली तरी चालतील.

वंशवृक्ष काढताना कोणती पायरी सगळ्यात महत्त्वाची?

रांगेत लावलेले क्रम डोळ्यांनी पाहणं. वाचनं साफ करायला फास्टपी, जनुकं जुळवायला हायबपायपर, रांगेत लावायला मॅफ्ट, वंशवृक्षाला आयक्यूट्री आणि अ‍ॅस्ट्रल हे सगळं एका संगणकावर आपोआप चालतं, आणि म्हणूनच कोणी उघडून पाहत नाही. एका झाडाचा क्रम मध्येच तीस बेस बाकी सगळ्यांहून वेगळा दिसला तर ती उत्क्रांती नाही, जुळणीतली चूक आहे.

वंशवृक्षाचं मूळ ठरवायला बाहेरचा गट, म्हणजे अभ्यासातल्या जातींच्या बाहेरचा पण नात्यातला गट, हवा. संबंध युकॅलिप्टचा वंशवृक्ष असेल तर मिर्टेसीतलीच सिंकार्पियासारखी प्रजाती घ्या. फक्त युकॅलिप्टसचा असेल तर अँगोफोरा आणि कोरिम्बिया. न्यू कॅलेडोनियातली आरिलास्ट्रम आणि उत्तर ऑस्ट्रेलियाची अ‍ॅलोसिंकार्पिया यांसारख्या छोट्या प्रजाती गाळू नका. जाती एक-दोनच असल्या तरी त्या वंशवृक्षाच्या तळाशी बसतात, आणि त्या नसल्या की तळ सरकतो.

सगळ्या फाट्यांना १०० टक्के आधार मिळाला. म्हणजे उत्तर पक्कं?

नाही. बूटस्ट्रॅप हा आकडा सांगतो की तुमच्याकडच्या माहितीतून तेच उत्तर पुन्हापुन्हा येतं का. शेकडो जनुकं एकत्र जोडली की थोडासा कल असला तरी आधार १००वर जातो. त्यासोबत जनुकांची सहमती पाहा, म्हणजे किती जनुकांचे स्वतंत्र वंशवृक्ष तो फाटा दाखवतात. बूटस्ट्रॅप १०० आणि सहमती २० टक्के, असे फाटे युकॅलिप्टमध्ये जागोजागी आहेत. युडेस्मियाच्या अभ्यासात जातींचे गट स्पष्ट दिसले, पण ते गट एकमेकांना कसे जोडलेले आहेत यावर जनुकांचं एकमत झालं नाही.

याला दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे पूर्वज-झाडांची संख्या प्रचंड आणि जाती भराभर फुटल्या, त्यामुळे जुनी विविधता वाटेल तशी वाटली गेली. दुसरं, संकर. पहिल्या कारणात उरलेली जनुकं दोन पर्यायी मांडण्यांत साधारण निम्मी-निम्मी विभागलेली असतात. एकाच पर्यायाकडे कल झुकला असेल तर संकराचा संशय घ्यायचा आणि डी-सांख्यिकीनं, म्हणजे हाच कल मोजणाऱ्या चाचणीनं, तपासायचं. अर्थात दूरच्या गटांत संकराची शंका काढू नका. युकॅलिप्टसमधल्या सिंफायोमिर्टस आणि मोनोकॅलिप्टस या दोन मोठ्या उपप्रजाती रानात शेजारी-शेजारी उभ्या असूनही त्यांचा संकर होत नाही. तिथे असा निकाल आला तर आधी नळ्यांची अदलाबदल तपासा.

फाटे किती वर्षांपूर्वी फुटले हे कसं कळतं?

जीवाश्मांवरून. युकॅलिप्टसचे सगळ्यात महत्त्वाचे जीवाश्म ऑस्ट्रेलियात नाहीत, अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात लागूना देल हुंको इथे आहेत, सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे. पानं, कळ्या, फळं सगळं मिळालं आहे. तेव्हा दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात जंगलाची वाट होती. हा जीवाश्म वंशवृक्षाच्या नेमक्या कोणत्या फाट्यावर लावायचा यानं सगळी वयं पुढेमागे होतात, म्हणून बीस्ट या वयं काढायच्या प्रोग्राममध्ये तो दोन वेगवेगळ्या जागी लावून दोन्ही निकाल छापा.

ऑस्ट्रेलियाला न जाता, महाराष्ट्रात बसून सुरुवात करता येईल?

येईल. एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राच्या सार्वजनिक संग्रहात युकॅलिप्टची कच्ची वाचनं मोफत आहेत. दहा-बारा जातींची उतरवून घ्या, त्यात प्रत्येक जातीची दोन झाडं असतील हे पाहा. हरितलवकाचा एक आणि केंद्रकातल्या जनुकांचा एक असे दोन वंशवृक्ष काढा आणि समोरासमोर ठेवा. दोन्हींत जागा बदललेली झाडं कोणती, ती रानात कुठून आली, त्यांच्या शेजारी कोणत्या जाती आहेत, हे नकाशावर मांडा. पदव्युत्तर प्रकल्पाला एवढं पुरेसं आहे. रानातली पानं हवीच असतील तर ऑस्ट्रेलियातल्या त्या-त्या राज्याचा गोळा करण्याचा परवाना आणि भारतात आणण्यासाठीची वनस्पती-संगरोधाची कागदपत्रं, दोन्ही निघण्याआधी हातात असू द्या. वाळलेलं पान हेही नियमानं वनस्पतीच असतं, आणि कागद नसले तर ते विमानतळावरच राहतं.